रिकाम्या घरात पाणी ठेवून जाऊ नका

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला की न्यू जर्सी, शिकागो, मिनियापोलिस, टोरांटो इथल्या कितीतरी मराठी घरांना कुलपं लागतात. मुलांना नाताळची सुट्टी असते, तिकडे पुण्याला नाहीतर सांगलीला एखादं लग्न असतं, आईवडिलांची वयं झालेली असतात आणि वर्षभराची रजा साठवलेली असते ती याच तीन-चार आठवड्यांसाठी. बॅगांची वजनं दोनदा होतात, पासपोर्ट तीनदा तपासले जातात. घराचं काय केलंत, असं विचारलं तर मात्र उत्तर एका दमात येतं: 'हीट ५५वर ठेवलीय. काही होत नाही.'

हे उत्तर मी इतक्या जणांकडून आणि इतक्या खात्रीने दिलेलं ऐकलं आहे की त्याचा उघड प्रतिवाद करणं मला गरजेचं वाटतं. हीट ५५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण १३ अंश सेल्सिअसवर ठेवणं योग्यच आहे. पण तेवढं केलं की घर सांभाळलं गेलं, हा समज खोटा आहे आणि दर हिवाळ्यात कोणी ना कोणी त्याची जबर किंमत मोजतं. थंडीने पाइप फुटतो, पण घराची वाट लागते ती त्या पाइपातून कोणी बंद करेपर्यंत वाहत राहणाऱ्या पाण्याने. म्हणून माझं म्हणणं असं की निघण्यापूर्वी घराचं पाणी मेन व्हॉल्व्हपाशी बंद करून पाइप रिकामे करणं हे पहिलं काम आहे. हीट चालू ठेवणं दुसरं, आणि घराची किल्ली कोणाच्या तरी हाती देणं तिसरं. आपण बहुतेक जण दुसरं तेवढं करतो आणि विमानात बसतो.

आधी एका वेगळ्या मंडळींना उत्तर देतो. घरात कोणी नसताना गॅस कशाला जाळायचा, असं म्हणून ते हीट पूर्ण बंद करून जातात. काटकसरीचा हा संस्कार मला परका नाही आणि थर्मोस्टॅट खाली आणल्याने पैसे वाचतात हेही खरं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचाच हिशोब आहे की दिवसातले ८ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइटने कमी ठेवलं तर हीटिंग-कूलिंगच्या खर्चात वर्षाकाठी १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. म्हणजे ६८वरून ५५वर आणून तीन आठवडे ठेवलं तरी बिलात फरक पडणारच. त्याखाली जाऊन जी आणखी थोडी बचत होते तिच्यापायी सगळं घर पणाला लावणं हा हिशोब कुठेच बसत नाही. आणि पाणी बंद केलं तरी हीट लागतेच. रस्त्याखालून येणारा पाण्याचा पाइप बेसमेंटच्या भिंतीतून आत शिरतो आणि मेन व्हॉल्व्हपर्यंतचा त्याचा तुकडा नेहमीच भरलेला असतो. तो घरातून रिकामा करता येत नाही. मीटर त्याच्याच आसपास असतो. वॉटर हीटरच्या टाकीत पाणी असतं, डिशवॉशरच्या आणि वॉशिंग मशीनच्या पंपात ते उरलेलं असतं. हे सगळं सांभाळायला घरात ऊब हवीच. हीट बंद करणाऱ्यांशी माझा वाद इथेच संपतो. पुढचं सगळं ५५वर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी आहे.

५५ हा आकडा खरा असतो तो थर्मोस्टॅटपाशी. थर्मोस्टॅट बहुधा घराच्या मध्यभागी, आतल्या भिंतीवर, खिडकीदारापासून लांब बसवलेला असतो. पाइप मात्र तिथे नसतात. स्वयंपाकघरातलं सिंक खिडकीखाली, बाहेरच्या भिंतीला लागून असतं आणि त्याचे पाइप बंद कपाटाच्या आत, भिंतीला चिकटून वर येतात. गॅरेजच्या वर खोली काढलेली असेल तर तिथल्या बाथरूमचे पाइप खालच्या थंडगार गॅरेजच्या छतातून जातात. टेक्साससारख्या ठिकाणी तर पाण्याचे पाइप सर्रास अ‍ॅटिकमधून नेलेले असतात. हॉलमध्ये ५५ असताना या पोकळ्यांमध्ये किती आहे, हे थर्मोस्टॅटला कळत नाही आणि तो ते सांगतही नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात प्रयोग करून दाखवलं की इन्सुलेशन नसलेले अ‍ॅटिकमधले पाइप बाहेरचं तापमान २० अंश फॅरनहाइटला, म्हणजे उणे ७ सेल्सिअसला उतरलं की गोठण्याच्या धोक्यात येतात. शिकागोच्या जानेवारीत २० अंश ही तर साधी रात्र.

यावर कोणी म्हणेल, गेली दहा वर्षं त्याच घरात राहतोय, एकदाही पाइप गोठला नाही. खरं आहे, पण ती दहा वर्षं घरात माणसं होती. सकाळी शॉवर चालतो, दुपारी भांडी घासली जातात, रात्री कोणी पाणी प्यायला उठतं, आणि पाइपातलं पाणी दर काही तासांनी हलतं. जमिनीखालून येणारं, गोठणबिंदूच्या वरचं पाणी सतत आत येत राहतं. स्वयंपाकाची, अंघोळीची, माणसांच्या वावराची ऊब असते ती वेगळीच. थर्मोस्टॅट ६८-७०वर असतो. तुम्ही गेलात की हे सगळं एकदम थांबतं. तेच पाणी त्याच कोपऱ्यात तीन आठवडे निश्चल उभं राहतं आणि घर आधीच १३ अंश खाली असतं. भरल्या घरातला अनुभव रिकाम्या घराला लावता येत नाही.

पाइप फुटतो कसा, हेही नीट समजून घ्यायला हवं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं, हे आपण शाळेत शिकलो. त्यावरून आपण धरून चालतो की बर्फ जिथे होतो तिथेच पाइप तडकतो. बऱ्याचदा तसं होत नाही. भिंतीतल्या एखाद्या थंड वळणावर बर्फाचं बूच तयार होतं. ते वाढत जातं तसं त्याच्या आणि पुढच्या बंद नळाच्या मधे अडकलेलं पाणी दाबलं जातं. त्याला मागे जायला वाट नसते आणि पुढे नळ बंद असतो. दाब कित्येक पटींनी वाढत जातो आणि शेवटी तांब्याचा जाड पाइपसुद्धा एखाद्या कमजोर जागी लांबीच्या दिशेने उसवतो. ही जागा बर्फापासून चार-सहा फूट लांब, उबदार भागातही असू शकते. पाइप फुटला त्या क्षणी घरात बहुधा फारसं काही होत नाही, कारण बर्फाच्या बुचाने पाणी अडवलेलं असतं. पूर येतो तो थंडी ओसरल्यावर. दोन दिवसांनी ऊन पडतं, हवा ४० अंशांवर जाते, बूच वितळतं आणि रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीचा पूर्ण दाब त्या फटीतून घरात मोकळा होतो. जेमतेम ३ मिलिमीटरच्या चिरेतून दिवसाला २५० गॅलनपर्यंत, म्हणजे साडेनऊशे लिटरच्या आसपास पाणी जाऊ शकतं, हा विमा कंपन्यांचा नेहमीचा दाखला आहे. तुमची सुट्टी तीन आठवड्यांची असेल आणि हे पहिल्या दिवशी झालं, तर आपल्याकडचे दहा हजार लिटरचे दोन टँकर तुमच्या दिवाणखान्यात रिकामे झाले असं समजा.

अशा एका घरात मी आत पाऊल टाकलेलं आहे. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा पाइप फुटला होता. खालच्या खोलीचं छत भिजून सोफ्यावर कोसळलं होतं आणि त्याच्यासोबत आतलं गुलाबी इन्सुलेशन ओल्या गठ्ठ्यांनी खाली लोंबत होतं. लाकडी जमिनीच्या पट्ट्या फुगून मधोमध वर उचलल्या गेल्या होत्या. भिंतींवर जमिनीपासून गुडघ्यापर्यंत काळे ठिपके चढले होते, कारण भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवल्या नाहीत तर बुरशी धरते आणि इथे दोन आठवडे उलटले होते. बेसमेंटमध्ये खोक्यांत भरून ठेवलेले लग्नाचे अल्बम होते. त्यांची पानं एकमेकांना चिकटून एकच लगदा झाला होता. त्या घरातला थर्मोस्टॅट आम्ही गेलो तेव्हाही ५५च दाखवत होता. फर्नेसने आपलं काम चोख केलं होतं. पाइप मात्र बाहेरच्या भिंतीत होता.

ही झाली हीट चालू राहिल्याची गोष्ट. हीट चालू राहीलच याची तरी हमी कोण देतो? गॅसची फर्नेस गॅसवर चालते एवढंच आपण लक्षात ठेवतो, पण तिचा पंखा, तिचा इग्नायटर, तिचं कंट्रोल बोर्ड सगळं विजेवर चालतं. वीज गेली की गॅस असूनही घर थंड पडतं. २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये ४५ लाखांहून अधिक घरं आणि व्यवसायांची वीज गेली, कित्येकांची काही दिवस. राज्याच्या आरोग्य खात्याने त्या वादळातले २४६ मृत्यू नोंदवले. ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टनमध्ये आपली माणसं मोठ्या संख्येने आहेत. तिथे कोणाच्या घरचे पाइप फुटले नाहीत अशी ओळख सापडणं त्या वेळी कठीण होतं. टेक्सास उबदार राज्य, त्याला थंडीची सवय नाही, असं म्हणून उत्तरेकडच्यांनी स्वतःला वगळू नये. २०१९च्या ३० जानेवारीला शिकागोत पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३१ सेल्सिअसच्या जवळ उतरला. त्याच दिवशी मिशिगनमध्ये गॅसच्या एका मोठ्या कॉम्प्रेसर स्टेशनला आग लागली आणि लोकांनी आपले थर्मोस्टॅट ६५ किंवा त्याखाली आणावेत, असं आवाहन सरकारला करावं लागलं. मिनेसोटात प्रिन्स्टनच्या आसपास काही घरांचा गॅसच तुटला. थंडीची सवय असलेली राज्यं आहेत ही.

वीज आहे, गॅस आहे, तरीही फर्नेस बंद पडू शकते आणि त्याला फार क्षुल्लक कारण पुरतं. आजकालच्या जास्त कार्यक्षम फर्नेसचा धूर छतावरच्या चिमणीतून जात नाही. घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर आलेले दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप तुम्ही पाहिले असतील. एकातून हवा आत जाते, दुसऱ्यातून धूर बाहेर पडतो. ते जमिनीपासून फार उंच नसतात. वाऱ्याने तिथे बर्फाचा ढीग लोटला आणि पाइपाचं तोंड बुजलं की फर्नेसमधला प्रेशर स्विच तिला पेटूच देत नाही. ती सुरक्षेची सोय आहे, असायलाच हवी. तुम्ही घरात असता तर फावड्याने बर्फ बाजूला करता आणि पाच मिनिटांत घर पुन्हा गरम होतं. रिकाम्या घरात तो ढीग वितळेपर्यंत तसाच राहतो. याच फर्नेसमधून सांडपाणीही निघतं. त्याची नळी गोठली, किंवा ते उपसणारा छोटा पंप बिघडला, तरी फर्नेस थांबते. ज्योत आहे की नाही हे ओळखणारी एक बारीक धातूची कांडी असते, तिच्यावर पुटं चढली तर तीन-चार प्रयत्नांनंतर फर्नेस स्वतःला बंद करून घेते. यातली एकही गोष्ट विरळा नाही. हिवाळ्यात फर्नेस दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारा, त्याचा अर्धा दिवस यातच जातो.

'आमच्याकडे स्मार्ट थर्मोस्टॅट आहे, फोनवर सगळं दिसतं,' हे पुढचं उत्तर. मी या उपकरणाच्या विरोधात नाही, पाण्याची ओल ओळखून मेन व्हॉल्व्ह आपोआप बंद करणाऱ्या यंत्राच्या तर अजिबात नाही. ते परवडत असेल तर जरूर बसवा. पण थर्मोस्टॅट बातमी देतो, दुरुस्ती करत नाही. वीज गेली की वायफाय जातं आणि वायफाय गेलं की बातमीही येत नाही. फोनवर शेवटचा आकडा दिसतो आणि तो धीर देणारा असतो. २०१६च्या जानेवारीत एका नामांकित स्मार्ट थर्मोस्टॅटच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष निघाला, बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन थंडीत लोकांची घरं गार पडली. आणि समजा बातमी आलीच. न्यू जर्सीत रात्रीचे बारा वाजलेले असतात तेव्हा भारतात सकाळचे साडेदहा असतात. तुम्ही मांडवात आहात, फोन पिशवीत आहे. संध्याकाळी पाहिलात तोवर तिकडे आठ-नऊ तास गेले. आता कोणाला फोन करणार? ज्याला केला त्याच्याकडे किल्ली आहे? किल्ली असली तरी व्हॉल्व्ह कुठे आहे हे त्याला ठाऊक आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं निघण्यापूर्वी तयार नसतील तर त्या बातमीने तुमची झोप तेवढी उडेल.

नळ बारीक धारेने सोडून जावा, असाही एक सल्ला आहे. माणसं घरात असताना, कडाक्याच्या एखाद्या रात्रीपुरता तो चांगला आहे. पाणी हलतं राहतं आणि मुख्य म्हणजे नळ उघडा असल्याने आत दाब साठत नाही. पण हाच सल्ला रिकाम्या घराला लावणं म्हणजे आगीला हवा देणं आहे. थेंबथेंब जाणारं पाणी सांडपाण्याच्या थंड पाइपात गोठत गोठत थर धरतं, तो पाइप तुंबतो आणि सिंक भरून वाहायला लागतं. तीन आठवडे नळ चालू ठेवून कोणी घराबाहेर पडत नाही, मग थंडीच्या नावाखाली ते का करावं?

यानंतर येतो तो विमा. 'एवढं झालंच तर विमा आहे की.' इथे मी कळकळीने सांगतो, आपल्या पॉलिसीचं ते एक पान उघडून वाचा. अमेरिकेत घरमालकांमध्ये सर्वाधिक चालणारा जो एचओ-३ हा नमुना आहे, त्यात स्पष्ट अट असते. घरात कोणी राहत नसताना गोठण्याने नुकसान झालं तर भरपाईसाठी तुम्ही दोनपैकी एक काळजी घेतलेली असली पाहिजे: घरात हीट राखण्यासाठी वाजवी दक्षता, किंवा पाणीपुरवठा बंद करून सगळ्या यंत्रणा आणि उपकरणं रिकामी करणं. 'वाजवी दक्षता' कशाला म्हणायचं हे दाव्याच्या वेळी ठरतं आणि ते ठरवताना तुमचं गॅसचं बिल मागवलं जाऊ शकतं. कॅनडात अट अधिक कडक आहे. तिथल्या कितीतरी पॉलिसींमध्ये थंडीच्या मोसमात सलग चार दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर एकतर पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले हवेत, नाहीतर हीट चालू आहे हे पाहायला जबाबदार माणूस रोज घरात यायला हवा. काही कंपन्या ही मुदत सात दिवसांची देतात. टोरांटोहून महिनाभर नागपूरला गेलेल्या आणि थर्मोस्टॅटवर भिस्त ठेवलेल्या माणसाने या दोन्हींपैकी काहीच केलेलं नसतं. त्याला भरपाई नाकारली गेली तर ती करारानुसारच नाकारली गेलेली असेल. आणि मिळाली तरी विमा भिंती उभ्या करून देईल, महिनोन्महिने हॉटेलात काढलेले दिवस आणि भिजलेले अल्बम परत देणार नाही.

मग प्रश्न येतो किल्लीचा. याबाबत आपल्या लोकांचा संकोच मी जाणतो. लोकांना कशाला त्रास द्यायचा, घर रिकामं आहे हे कशाला सांगत बसायचं, असं आपल्या मनात येतं. गावाकडे घर बंद करून जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवणारी हीच माणसं इथे वीस वर्षं राहूनही शेजाऱ्याचा फोन नंबर बाळगत नाहीत. चोरीची भीती असेल तर गावभर सांगू नका, पण विश्वासाच्या एका माणसाला सांगा. त्याला आठवड्यातून दोनदा, आणि कॅनडात असाल तर पॉलिसीप्रमाणे रोज, आत एक फेरी मारायला सांगा. बर्फ पडल्यावर त्या दोन पांढऱ्या पाइपांची तोंडं मोकळी आहेत ना, हे त्याने पाहावं. परतल्यावर तुम्ही त्याच्यासाठी तेच करा. मराठी मंडळात गणपती आणि दिवाळीला शंभर घरं एकत्र येतात, त्यांच्यात जाणारे आणि थांबणारे अशा जोड्या लावणं काही अवघड नाही.

तरीही किल्लीवर सगळी मदार ठेवता येत नाही. २०२२च्या नाताळात बफेलोला जे वादळ आलं त्यात रस्त्यावर गाड्या काढायलाच बंदी घालावी लागली होती. शेजारच्या गावात राहणारा मित्र किल्ली हातात घेऊन घरीच अडकला असता. वीज जाते, गॅस तुटतो, फर्नेस थांबते, वायफाय बंद पडतं, माणूस पोहोचू शकत नाही. या प्रत्येक उपायाला चालू राहण्यासाठी दुसऱ्या कशाची तरी गरज लागते. बंद केलेल्या व्हॉल्व्हला कशाचीच लागत नाही. म्हणूनच मी त्याला पहिला क्रमांक देतो.

हे प्लंबरचं काम आहे, आपल्याला कुठे जमणार, ही शेवटची सबब. बहुतेक घरांमध्ये ते अर्ध्या तासाचं काम आहे. मेन व्हॉल्व्ह साधारणपणे बेसमेंटमध्ये, रस्त्याकडच्या भिंतीशी, मीटरजवळ असतो. त्याला लांब दांडी असेल तर ती पाव वळसा फिरवून पाइपाला आडवी करायची. गोल चाक असेल तर ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हळूहळू फिरवायचं. जुनं चाक अडकलेलं असू शकतं. त्यावर जोर करू नका, प्लंबरला बोलावून दांडीचा नवा व्हॉल्व्ह बसवून घ्या. विहिरीचं पाणी असेल तर पंपाचा ब्रेकर बंद करायचा. मग घरातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडायचा, म्हणजे वरून हवा शिरते आणि खालून पाणी निघून जातं. बाकीचे नळही, गरम आणि थंड दोन्ही, उघडून रिकामे करायचे. टॉयलेट फ्लश करायचे. बाहेरच्या नळाला लावलेला बागेचा होज काढायचा, कारण होज तसाच राहिला तर न गोठणारा म्हणून विकलेला नळसुद्धा फुटतो. सिंकखालची कपाटं उघडी ठेवायची. वॉटर हीटर सगळ्यात कमी तापमानावर किंवा 'व्हेकेशन'वर आणायचा. विजेच्या हीटरची टाकी रिकामी करणार असाल तर आधी त्याचा ब्रेकर बंद करा, नाहीतर कोरड्या टाकीत एलिमेंट जळतं. घरात ऊब राहणार की नाही अशी शंका असेल तर सिंक, शॉवर आणि टॉयलेटच्या वळणांत उरलेल्या पाण्यात बिनविषारी, प्रॉपिलीन ग्लायकोलचं अँटिफ्रीझ ओता. गाडीचं अँटिफ्रीझ विषारी असतं, ते घरात वापरू नका.

काही घरांना मात्र हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. घरात आगीसाठी स्प्रिंकलर असतील तर त्यांचं पाणी बंद करू नका. तिथे विम्याचीही अट पाणी आणि हीट दोन्ही चालू ठेवण्याची असते. अनेक नव्या टाउनहाउसांमध्ये असे स्प्रिंकलर आहेत, तेव्हा आधी चौकशी करा. जुन्या घरात वाफेचा बॉयलर असेल तर त्याला अधूनमधून नवं पाणी लागतं. ते मिळालं नाही की तो बंद पडतो. गरम पाण्याच्या बॉयलरचे रेडिएटर असतील तर त्यांच्यातलं पाणी वेगळ्या बंद वर्तुळात फिरतं. ते नळ उघडून रिकामं होत नाही आणि हीट थांबली की तेही गोठतं. या दोन्ही प्रकारांत बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला नोव्हेंबरमध्येच बोलावून, बॉयलरचं पाणी तसंच ठेवून बाथरूम-स्वयंपाकघराच्या फाट्यांचं पाणी कसं तोडायचं, हे विचारून घ्या. भाड्याच्या फ्लॅटमध्ये असाल तर हीट चालू ठेवणं बहुधा करारातच असतं आणि तुमच्या खालच्या मजल्यावर दुसऱ्या कोणाचं तरी घर असतं, याचं भान ठेवा.

थंड प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांना हे नवं नाही. लेहमध्ये हिवाळ्यात कितीतरी हॉटेलं पाइपांचं पाणी तोडतात आणि पाहुण्यांना बादलीने पाणी देतात, कारण गोठणाऱ्या पाइपात पाणी ठेवायचं नसतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आपण सह्याद्रीच्या पायथ्याशी नाहीतर कोकणात वाढलो. पाणी कधी येईल याची चिंता आपल्याला शिकवली गेली, ते बंद करून जाण्याची नाही. त्यात आपला दोष नाही. पण उणे २० अंशांच्या मुलखात घर घेतल्यावर त्या मुलखाचं शहाणपण शिकून घेणं ही आपली जबाबदारी आहे, आणि ते शिकायला एक शनिवार पुरतो.

तो शनिवार नोव्हेंबरमधलाच असू द्या, निघण्याच्या आदल्या रात्रीचा नको. घरातल्या सगळ्यांना बेसमेंटमध्ये न्या आणि व्हॉल्व्ह प्रत्येकाच्या हाताने बंद करवून, उघडवून घ्या. तुम्ही जाणार आणि आईबाबा मागे इथेच राहणार असतील तर त्यांनाही शिकवा, आणि व्हॉल्व्हला ठळक मराठीत लिहिलेली चिठ्ठी बांधा. परत आल्यावर घर पूर्ण गरम होऊ द्या, एक नळ उघडा ठेवा, मगच व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत घरभर फिरून पाहा, कुठे पाणी झिरपत असेल तर तिथल्या तिथे बंद करता येईल. यापुढे कोणी तुम्हाला 'हीट ५५वर ठेवलीय' असं सांगितलं तर 'छान केलंत' म्हणून थांबू नका. पाणी बंद केलं का, आणि किल्ली कोणाकडे आहे, हे दोन प्रश्न त्याला विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.